मदत हवी आहे - जॅकलिन द्यू प्रे बद्दल

नमस्कार मंडळी, आमच्या आईसाठी विचारतेय. तिला गेल्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसचं (मज्जासंस्थेचा आजार) निदान झालं, बोटांना मुंग्या येतात, पेटीवर हात नीट पडत नाही म्हणून तिने पेटी बंदच करून ठेवलीये. परवा तिला ब्रिटिश चेलोवादक जॅकलिन द्यू प्रेने वाजवलेला, इंग्लिश संगीतकार एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो (चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखं पण मोठं वाद्य, आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ऐकवला, १९६५ चं वाद्यवृंद संचालक बार्बिरोलींसोबतचं रेकॉर्डिंग, तेव्हा जॅकलिन जेमतेम २० वर्षांची होती. सुरुवातीला चेलो एकटाच ते जड सूर लावतो ना, तिथेच आईने माझा हात घट्ट धरला. मग सांगितलं की हिलाही हाच आजार, बोटांची जाणीव गेली, १९७३ मध्ये निदान आणि वाजवणं थांबलं तेव्हा २८ वय, १९८७ मध्ये ४२ व्या वर्षी गेली, पण मधल्या काळात ती शिकवत राहिली. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली अजून ऐकव.

तर एल्गारनंतर जॅकलिनचं काय ऐकवू? फार उदास नको. आणि तिच्या शिकवण्याबद्दल कुणी मराठीत लिहिलंय का? आईला इंग्रजी वाचायला जड जातं. प्लीज सांगा.