अभंगाची चाल नुसत्या वाद्यांवर बसवताना शब्दांची जागा कशी भरायची?

तारवाला_सोलापूर: मी गिटार, एक मित्र बासरी आणि एकजण पखवाज, असं तिघं मिळून वारकरी भजनाच्या चालीवर गाण्याशिवायचा पीस करालोय. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' घेतलाय. सूर बरोबर लागतात, पण ऐकताना हॉटेलात लावतात तसलं म्युझिक वाटतंय, भजन वाटतच नाही. मागं की-बोर्डचा लांब सूर धरला तर अजूनच गुळगुळीत झालं. पंढरपूर एवढं जवळ, लहानपणापासून हेच कानावर, तरी हातात का येईना?

बाळीवेसकर: दादा, की-बोर्ड आधी काढा. मग अक्षरं मोजा. या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच अक्षरं, 'ठेवोनिया'पाशी ओळ आखूड पडते आणि तिथं श्वासाला जागा उरते. बासरीवाला तिथं हरकती, म्हणजे सुरांची नक्षी, घेत असेल तर ओळ संपलेली कळणारच नाही. तेवढं मोकळं सोडा.

पखवाजप्रेमी: अक्षरांचं पटलं, पण खरी गोम टाळकऱ्यांत आहे. बुवा चरण म्हणतात, टाळकरी तो उचलून धरतात, तुमच्यात बासरी एकटीच बोलालीय आणि उत्तर द्यायला कुणीच नाही. बासरीनं चरण टाकला की गिटारनं तोच उचलायचा, साधा, नक्षी नको. आणि टाळ खरे घ्या ओ, चौघा टाळकऱ्यांना एका माईकसमोर उभं करा, त्यांचे हात केसभर मागंपुढं पडतात त्यातच जान असते, नंतर कॉम्प्युटरवर ते सरळ करत बसू नका.

सूरवेडी: अमेरिकेत हाऊस ऑफ गॉड नावाच्या चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून प्रार्थनेला स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवतात ती) वाजते, सेक्रेड स्टील म्हणतात. विली ईसन एकाच तारेवर सूर सरकवत माणसाच्या गळ्यासारखं वाजवायचे, आत्ताचे रॉबर्ट रँडॉल्फ त्याच परंपरेतले. गिटारवाल्यानं नक्की ऐकावं. आणि आपल्या गावची सुंदरी कशी विसरलात? सनईपेक्षा छोटी, पण आवाज धारदार, टाळांच्या गजरातनं वर येतो. भीमण्णा जाधव यांचं वादन ऐका, मग बासरीच का हा प्रश्न तुम्हालाच पडेल.

तारवाला_सोलापूर: की-बोर्ड काढला, गिटारनं चरण उचलून बघितला, लगेच फरक पडला! सुंदरी ऐकालोय. पखवाजवाला विचारालाय, शेवटी लय एकदम दुप्पट करू का?

पखवाजप्रेमी: एकदम नको. दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला, थोडी थोडी चढवा, टाळकऱ्यांकडं बघत.