पहिली रेस, चेन्नईचा ट्रॅक, एनएस २०० : घरून काय तयारी करून निघावं?

परभणी_एनएस

नमस्कार मंडळी. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नॉव्हिस (नवख्यांच्या) गटात पहिल्यांदाच उतरायलोय. गाडी पल्सर एनएस २००, रोजच्या वापरातली. रेसिंग लायसन्सचा अर्ज भरला, डॉक्टरांकडून मेडिकल फॉर्मही घेतला. शुक्रवारी प्रॅक्टिस, शनिवारी क्वालिफाइंग (स्टार्टची जागा ठरवणारा सेशन) आणि पहिली रेस, रविवारी दुसरी.

डोक्यात असं आहे: फ्री-फ्लो सायलेन्सर, परफॉर्मन्स एअर फिल्टर, मागचा टायर एक साइज जाड. बजेट पंचवीस हजार. गाडी चालवतच चेन्नईला न्यायची, तिथे आरसे-इंडिकेटर काढायचे, रेस झाली की परत लावून घरी. लेदर सूट मित्राचा मिळायलाय. सरावाला कन्नडचा घाट नाहीतर समृद्धीचा मोकळा पट्टा बघावा म्हणतोय.

स्क्रुटिनीत (रेसआधीच्या गाडीच्या तपासणीत) नेमकं काय बघतात? कुठं चुकायलंय ते स्पष्ट सांगा.

---

वाळूज_टूलरूम

दादा, यादी उलट्या बाजूने लिहिली आहे. सायलेन्सर आणि फिल्टर आत्ताच खोडा. तुमच्या गटाचं सप्लिमेंटरी रेग्युलेशन (त्या रेसची नियमावली) आधी नीट वाचा. स्टॉक गट (कंपनीतून आली तशीच गाडी) असेल तर या दोन गोष्टींनीच गाडी बाद होईल. आणि गट मोकळा असला तरी नॉव्हिसचा वेळ सायलेन्सरने कमी होत नाही, ब्रेक आणि टायरने होतो.

स्क्रुटिनीत गाडी किती पळते हे कोणी बघत नाही. बघतात ते एवढंच की तिच्यातून काही गळून किंवा निखळून ट्रॅकवर पडणार नाही ना. कारण एका गाडीचं अर्धा कप ऑइल पडलं की मागचे पाचजण आडवे.

म्हणून पहिलं काम लॉकवायर, म्हणजे बोल्ट निघू नये म्हणून त्याला बांधायची तार. ऑइल ड्रेन बोल्ट, ऑइल भरायचं झाकण, ऑइल फिल्टरच्या कव्हरचे बोल्ट आणि पुढच्या कॅलिपरचे (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट. ०.७ किंवा ०.८ मिमीची स्टेनलेस तार. बोल्टच्या डोक्याला १.५ मिमीचं भोक पाडावं लागतं. षटकोनी डोकं असेल तर कोपऱ्यातून तिरकं, अ‍ॅलन बोल्ट असेल तर डोक्याच्या भिंतीतून आरपार. अ‍ॅलनचं काम सोपं. बोल्ट व्हाइसमध्ये धरा, मशीनचा वेग कमी ठेवा, कटिंग ऑइल सोडत राहा, कोबाल्ट बिट वापरा. बिट तुटून आत अडकतं, म्हणून बोल्ट आणि बिट दोन-दोन जास्तीचे घ्या. हातड्रिलने घरी करू नका. परभणीत जमलं नाही तर वाळूज एमआयडीसीत कुठल्याही टूलरूमला अर्ध्या तासाचं काम आहे.

तार बांधताना दिशा बघायची. बोल्ट सैल व्हायला लागला की तार ताणली गेली पाहिजे, म्हणजे तारेची ओढ घट्ट होण्याच्या बाजूला हवी. उलटी बांधलेली तार स्क्रुटिनियर लांबूनच ओळखतो. आणि आधी टॉर्क रेंचने बोल्ट योग्य घट्ट करा, मग तार. तारेने बोल्ट घट्ट राहत नाही, फक्त निघून पडत नाही.

दुसरं, कूलंट. एनएस लिक्विड-कूल्ड आहे, तिच्यातलं ग्लायकॉलचं कूलंट सांडलं तर रस्ता साबणासारखा होतो आणि लवकर वाळतही नाही. सगळं काढा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरा. घरी आल्यावर कूलंट परत भरायला विसरू नका, नाहीतर आतून गंज धरतो.

क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) आणि रेडिएटरचा ओव्हरफ्लो या दोन्ही नळ्या कॅच-बॉटलमध्ये, म्हणजे गळती झेलणाऱ्या बाटलीत सोडा. बाटली गरम ऑइलला टिकणारी हवी. पाण्याची बाटली वितळते. प्रत्येक सेशननंतर रिकामी करायची. बऱ्याच गटांत इंजिनखाली बेलीपॅनही (गळती झेलणारं तबक) लागतो, तुमच्या नियमात बघा.

काढायचं ते: आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साडीगार्ड, ग्रॅबरेल, पिलियनचे फूटरेस्ट, दोन्ही स्टँड. हेडलाइट-टेललाइट काढता आले नाहीत तर काच पूर्ण टेपने झाका. गाडीला साइड स्टँडचा सेन्सर असेल आणि तो बायपास करायला विसरलात तर गिअर टाकताच गाडी बंद पडू शकते. हे ऐनवेळी हमखास होतं.

मग हे तपासतील: अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आपोआप मिटतो का, हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवल्यावर केबल ताणून आरपीएम चढत नाही ना, किल स्विच चालतो का, लिव्हरच्या टोकाला गोळा शाबूत आहे का, हँडलची टोकं बंद आहेत का, स्टीअरिंगच्या आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का. चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या फटीत बोट जाऊ नये म्हणून खाली गार्ड लागतो. पुढच्या ब्रेक लिव्हरलाही गार्ड लावाच.

आता यातलं निम्मं काढलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि ट्रॅकच्या पार्किंगमध्ये एका संध्याकाळी हे सगळं होत नाही. म्हणजे चालवत जायचा बेत तिथेच संपला. पिकअप बघा.

---

देगलूर_नाका

वरचं सगळं बरोबर. वाहतुकीचं मी सांगतो.

परभणी-नांदेड-देगलूर-हैदराबाद आणि तिथून खाली चेन्नई, हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. ट्रॅक चेन्नई-बेंगळुरू हायवेलगत श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला आहे, शहरात शिरायची गरज नाही. जाताना मुक्काम हैदराबादच्या पुढे करा आणि गुरुवारी दुपारी पोचा. रात्री उशिरा पोचून शुक्रवारी सकाळी स्क्रुटिनीच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे पहिला सेशन गेलाच समजा.

पिकअपमध्ये पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवून लाकडी ठोकळ्यांत अडकवा. चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन फोर्कच्या खालच्या क्लँपला, हँडलला नाही, हँडल वाकतं. फोर्क साधारण अर्धा दबेपर्यंत ओढा, त्याहून जास्त नको, सील जातात. मागचे दोन स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला). पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबून पट्टे परत ओढा, ते सैल होतातच. स्टँड काढलेले असल्यामुळे पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून गाडी उभी ठेवणारा सुटा स्टँड) बरोबर हवाच, नाहीतर तीन दिवस गाडी भिंतीला टेकवून ठेवावी लागेल.

आरसी, विमा, पीयूसी आणि एंट्रीची पावती यांच्या झेरॉक्स पुढेच ठेवा. तीन राज्यं ओलांडायची आहेत, नंबरप्लेट नसलेली गाडी दिसली की विचारणा होते. आणि विम्याचं ध्यानात असू द्या: नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत रेसिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर जे मोडेल ते तुमच्या खिशातून. तुमची आरोग्य पॉलिसी मोटरस्पोर्टला लागू आहे का, तेही निघण्याआधी वाचून घ्या.

घाटाचं आणि समृद्धीचं उत्तर: समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे. कन्नडच्या घाटात समोरून वाहनं येतात, तिथे शिकलेली लाइन (वळणातून गाडी न्यायचा मार्ग) ट्रॅकवर कामाची नाही, कारण तिथे तुम्ही अर्धाच रस्ता वापरता. घरी सराव करायचा तर मालकाला विचारून एखादं मोकळं आवार घ्या आणि दोनच गोष्टी घोटा: जागेवरून स्टार्ट, आणि ६० वरून १० पर्यंत जोरात पण सरळ ब्रेक. या दुसऱ्या सरावाने नवे ब्रेक पॅडही डिस्कवर नीट बसतात. वीसेक वेळा करा, मधे पॅड थंड होऊ द्या.

---

स्प्रॉकेट_१४_३९

टायर जाड करू नका. एनएसला पुढे १००/८०-१७, मागे १३०/७०-१७ येतो. त्याच रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, टायर टोकदार होतो आणि गाडी झुकवल्यावर टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो. पैसे त्याच साइजच्या मऊ कंपाउंडच्या नव्या जोडीवर घाला. बाजूवरचा चार आकडी कोड बघून घ्या; २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षं गोडाऊनला पडलेला टायर नव्यासारखा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं.

त्याच पैशात ब्रेकचं डॉट ४ ऑइल पूर्ण बदला. जुनं ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याचा उकळबिंदू उतरतो आणि चार-पाच लॅपनंतर (ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर) लिव्हर स्पंजासारखा होऊन हँडलला टेकतो.

गिअरिंग: स्टॉक स्प्रॉकेट पुढे १४ दात, मागे ३९, म्हणजे प्रमाण २.७९. पुढे १३ लावलं की ३.०० होतं, मागे ४२ लावलं तरी नेमकं ३.००. दोन्हीत त्याच आरपीएमला वेग साधारण ७ टक्के कमी, उचल तेवढी जास्त. पण मागे तीन दात वाढवले की चेनला दीड कडी जादा लागते, अ‍ॅक्सल पुढे सरकवून भागलं नाही तर चेन लांब घ्यावी लागते. पुढचं स्प्रॉकेट वीस मिनिटांत बदलतं. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते हे खरं, पण एका वीकएंडला त्याची फिकीर करू नका. १३ बरोबर न्या, शुक्रवारी १४ वरच चालवा. मुख्य सरळीच्या शेवटी ब्रेक मारायच्या आधी सहाव्या गिअरमध्ये आरपीएम लाल पट्ट्यापासून लांब राहत असेल तरच १३ लावा. आधीच लिमिटरला (इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या मर्यादेला) लागत असेल तर हात लावू नका.

---

परभणी_एनएस

धन्यवाद सगळ्यांना. सायलेन्सर रद्द, पिकअप ठरवतो. टायरमध्ये हवा किती ठेवू? एकजण म्हणायलेत २२ पीएसआय ठेव, पकड वाढते.

---

स्प्रॉकेट_१४_३९

२२ नको. पुढच्यात इतकी कमी ठेवली की जोरात ब्रेक मारल्यावर टायर मुडपतो, हँडल जड लागतं आणि वळणात शिरताना पुढची बाजू सुस्त होते. थंड असताना पुढे २८, मागे २९-३० पासून सुरू करा. खरा आकडा मात्र गरम टायरचा. सेशन संपवून पिटमध्ये आलात की हेल्मेट काढायच्या आधी मोजा आणि लिहा. थंडपेक्षा ३ ते ५ पीएसआय वाढलेले असतील. त्याहून खूप जास्त चढत असतील तर सुरुवातीला हवा कमी होती, टायर फार वाकून तापतोय. अजिबात चढत नसतील तर तुम्ही अजून हळू चालवताय, त्यावर उपाय हवा नाही.

गेज एकच, तुमचंच. आणि गाडी उन्हात उभी ठेवून मोजलेला दाब "थंड" धरू नका. दहा अंशांना एक-दीड पीएसआयचा फरक पडतो.

---

पिटवॉल

गाडीचं झालं, आता माणसाचं. मित्राचा सूट अंगाला बसत नसेल तर घेऊ नका. सैल लेदर घासताना फिरतं आणि गुडघ्या-कोपराचं पॅड नेमकं जागेवरून सरकतं. ब्रीफिंगला बसतो त्या स्थितीत नाही, गाडीवर वाकून बघा. एकसंध सूट, आत बॅक प्रोटेक्टर, मनगटावर सूटच्या बाहीला झाकणारे ग्लोव्ह, घोट्याच्या वर जाणारे बूट, डबल-डी बकल (दोन कड्यांतून पट्टा ओवायचं बकल) असलेलं फुलफेस हेल्मेट. हेल्मेटवर ईसीईचं (सुरक्षा मानकाचं) लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं, ते बघतात. मागे रक्तगट लिहा.

आपल्याकडच्या उन्हाची सवय आहे म्हणून तिथे निर्धास्त राहू नका. मराठवाड्यात घाम निघतो तसा वाळतो. चेन्नईच्या दमट हवेत तो वाळत नाही, अंग थंडच होत नाही, वर लेदर. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट एक लिटर पाण्यात, बरोबर तेवढंच, सकाळपासून घोटघोट. सेशन संपला की सूट कमरेपर्यंत उतरवा आणि सावलीत बसा. दुपारच्या रेसमध्ये शेवटच्या दोन लॅपला जे ब्रेक चुकतात ते बहुतेक याच कारणाने.

ब्रीफिंग चुकवू नका, हजेरी घेतात. झेंडे पाठ करा. पिवळा हलला की पुढे धोका, हिरवा दिसेपर्यंत ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. लाल म्हणजे सेशन थांबला. ब्रेक कचकन मारायचा नाही, हात वर करून हळू पिटमध्ये. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर म्हणजे तुमच्या गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, लगेच ट्रॅक सोडा. निळा दिसला की मागून वेगवान रायडर आलाय. नवखे इथेच चुकतात: वाट द्यायला म्हणून बाजूला वळतात आणि नेमके त्याच्याच वाटेत जातात. आपली लाइन धरून ठेवा, तो त्याचं बघून घेईल.

पूर्ण ट्रॅक ३.७ किलोमीटर, १२ वळणं. पहिल्या सेशनमध्ये घड्याळ बघूच नका. नव्या टायरवरचा थर गुळगुळीत असतो, तीन-चार लॅप हळूहळू झुकाव वाढवत तो घासून काढायचा. परत आल्यावर कागदावर प्रत्येक वळणापुढे गिअर आणि ब्रेक कुठल्या खुणेला मारला ते लिहा. दुसऱ्या सेशनमध्ये फक्त दोन वळणांवर काम करा, बाराही एकदम नको.

स्टार्टला लाल दिवे लागतात आणि काही सेकंदांनी विझतात. विझले की निघायचं. आधी चाक हललं तर जंप स्टार्टची पेनल्टी. पहिल्या वळणात कोणालाही मागे टाकायचा विचार नको, तिथे सगळे एकाच ठिकाणी ब्रेक मारतात.

पडलात तर हँडल सोडा, घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठू नका. मग मागे बघून बॅरिअरच्या पलीकडे जा. गाडी उचलायला ट्रॅक ओलांडून परत येऊ नका, ते मार्शलचं (ट्रॅकवरच्या सुरक्षा स्वयंसेवकांचं) काम आहे.

---

परभणी_एनएस

पेट्रोल किती ठेवू? वजन कमी म्हणून दोन लिटरच टाकावं का?

---

वाळूज_टूलरूम

नको. आठ लॅपची रेस धरली तर वॉर्म-अप आणि शेवटचा लॅप मिळून ३७ किलोमीटर. लिटरला १५ धरले तर अडीच लिटर जातील. एफआय (फ्युएल इंजेक्शन) मॉडेल असेल तर पेट्रोल कमी असताना जोरात ब्रेक मारला की ते पुढे धावतं, पंप हवा ओढतो आणि वळणातून उठताना इंजिन अडखळतं. पाच लिटर टाका. लिटरला पाऊण किलो वजन, म्हणजे दोन-तीन लिटर जास्तीचे दीड ते सव्वादोन किलोच होतात.

सुटे भाग: क्लच आणि ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, डावा-उजवा फूटपेग, क्लच केबल, प्लग तिन्ही, चेनची लॉक-कडी, पुढच्या स्प्रॉकेटचं लॉक, डॉट ४ ची सीलबंद बाटली, लॉकवायर आणि पक्कड. लिव्हर हँडलला धरणाऱ्या क्लँपचे बोल्ट घरीच किंचित सैल ठेवा, इतके की जोरात ढकलल्यावर लिव्हर फिरेल. पडल्यावर तो तुटण्याऐवजी वळतो.

रेस संपल्यावर गाडी पार्क फर्मेत, म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवायच्या बंदिस्त आवारात जाते. तिथून सोडेपर्यंत पाना लावायचा नाही, कॅच-बॉटलही रिकामी करायची नाही.