व्यापाऱ्यांच्या अर्जांना सरकार खरंच भीक घालायचं का?

कापूसकोंड्या:
१८३१ ला कलकत्त्याच्या सुती-रेशमी कापडवाल्यांनी लंडनच्या व्यापार खात्याकडे एक अर्ज धाडला होता, ११७ सह्या होत्या त्यावर. मागणी काय तर विलायती कापड बंगालमध्ये नावापुरत्या जकातीवर शिरतं आणि आमच्या सुती मालाला तुमच्याकडे १० टक्के, रेशमीला २४ टक्के, तर दोघांना एकच नियम लावा. बस एवढंच. आणि पदरात काय पडलं? काही नाही. मग हे लोक अर्ज करायचेच कशाला, की कुणाचे तरी चालायचे आणि आपले नाही?

जुनीवही:
चालायचे की. १८२० चा लंडनच्या व्यापाऱ्यांचा अर्ज बघा, थॉमस टूकने लिहिलेला, स्वतः रशियाशी व्यापार करणारा माणूस. गंमत म्हणजे त्यात परदेशी मालापासून संरक्षण मागितलंच नाहीये, उलट महसुलापुरती जकात ठेवा आणि बाकीची बंधनं काढा असं म्हटलंय! पण खरी गोम पुढे आहे, तो ८ मे ला कॉमन्समध्ये (ब्रिटिश संसदेचं खालचं सभागृह) मांडला अलेक्झांडर बेअरिंगने, म्हणजे बडा सावकार आणि वर खासदार. कलकत्त्यावाल्यांसाठी तिथे उभं राहणारं कोण होतं? आणि तरीही लगेच काही झालं नाही हं, परदेशी रेशमी कापडावरची बंदी उठायला १८२६ उजाडलं आणि बाहेरच्या धान्यावर जकात लावणारे धान्याचे कायदे तर १८४६ पर्यंत रद्द झाले नाहीत.

निवांत:
मँचेस्टर विसरलात काय राव. १८७४ ला तिथल्या चेंबरने (व्यापाऱ्यांच्या संघटनेने) भारतातली कापडावरची ५ टक्के जकात काढा म्हणून अर्ज केला, कारण काय तर त्यामुळे मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळतं आणि गरीब रयतेला कापड महाग पडतं (रयतेचा एवढा पुळका!). व्हाइसरॉय नॉर्थब्रुक अडून बसला, १८७५ च्या कायद्यात ५ टक्के तशीच ठेवली. मग १८७७ ला कॉमन्सने ठराव केला, १८७९ ला पुढचा व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलमधलं बहुमत बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची उठवली आणि १८८२ ला उरलेली पण गेली.

जुनीवही:
निवांत, १८८२ चं सगळं श्रेय त्या अर्जाला नका देऊ. तेव्हा तिजोरी बरी होती आणि सरकारातल्या लोकांचा खुल्या व्यापारावर खरोखरच विश्वास होता, तेव्हाचा व्हाइसरॉय रिपनने तर मीठ, दारू असं थोडंफार सोडून जवळपास सगळीच आयात जकात काढली, फक्त कापडाची नाही.

निवांत:
असेल विश्वास, पण मग १८९४ चं काय? रुपया घसरला, पैशाची तंगी, म्हणून जकात परत लावली तर लँकेशायरच्या (मँचेस्टरकडचा कापड गिरण्यांचा भाग) ओरड्यापायी आपल्या गिरण्यांच्या सुतावर पण कर बसवला. १८९६ ला तर आयात कापडावर साडेतीन टक्के आणि इथे विणलेल्या गिरणी कापडावरही साडेतीन, म्हणजे हिशोब बरोब्बर. इथल्या कापडावरचा तो कर १९२५ पर्यंत बोकांडी होता.

कापूसकोंड्या:
म्हणजे १८३१ वाल्यांनी मागितलेला "एकच नियम" शेवटी मिळाला म्हणायचा, फक्त उलट्या बाजूने 😅

निवांत:
हो ना, आणि तोही मँचेस्टरच्या अर्जावर.