आमच्या घरातले साडेतीन फुटी वकील

लहान मुलांचे किस्से म्हटलं की तेच चार फिरून फिरून येतात. आरतीतले चुकीचे शब्द, फोनवर ‘बाबा म्हणतात ते घरी नाहीत’, आईने पाहुण्यांच्या मागे काढलेले उद्गार पाहुण्यांच्या तोंडावर. सगळ्यांनी ऐकलेत, काहींनी आपल्या पिल्लाच्या नावावर खपवलेतही. या धाग्यात ते नकोत. एक ते सहा वर्षांच्या पोरांनी तुमच्याच घरात, तुमच्याच वाक्याचा आधार घेऊन तुम्हाला कात्रीत पकडलं असेल तर ते लिहा. माझं तर ठाम मत आहे की या वयातली पोरं व्रात्य नसतातच. ती नियमाला धरून चालतात. नियम आपणच धड सांगितलेला नसतो.

सुरुवात माझ्याकडून.

लेक साडेतीन वर्षांचा. घड्याळ कळत नाही, त्यामुळे ‘थोड्या वेळाने’ म्हणजे किती यावरून रोज संध्याकाळी रणकंदन. मग मी वेळ कुकरवर आणली. ‘तीन शिट्ट्या झाल्या की खाली खेळायला जायचं.’ सुरुवातीला छान चाललं. एके संध्याकाळी मी अजून डाळच धुतेय, तर हा बूट घालून दारात उभा, उजव्या पायातला डाव्यात, डाव्यातला उजव्यात. ‘झाल्या तीन!’ आमचा कुकर ओट्यावर रिकामा. मग उलगडा झाला. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि संध्याकाळी त्या डक्टमध्ये सगळ्या मजल्यांचे कुकर बोलत असतात. एक शिट्टी वरच्या काकूंची, एक खालच्यांची, तिसरी कुणाची देव जाणे. नियमात दुरुस्ती केली: ‘आपल्या घरातल्या शिट्ट्या मोजायच्या.’ दुसऱ्या दिवशी स्वारी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. पहिली शिट्टी कुकरने दिली. उरलेल्या दोन याने तोंडाने वाजवल्या. शिट्ट्या आपल्याच घरातल्या होत्या, हरकत घ्यायला जागा नव्हती. गॅस बंद करून गेलो खाली. रात्री वरण दाताखाली येत होतं.

एक आजी, सांगली

माझे दोन नातू, एक पाच वर्षांचा, एक दोनचा. चतुर्थीला मोदक झाले. मोठा माझ्या शेजारी बसून सगळं बघत होता. मी पाण्याने चौकोनी मंडल केलं, त्यावर ताट ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं, ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले. मग ताट उचलून आत आणलं आणि सगळ्यांना वाढलं. ‘बाप्पाने खाल्लं नाही?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘बाप्पाला नुसता दाखवायचा रे, त्याचं त्यात पोट भरतं.’

तिन्हीसांजेला धाकट्याचं भोकाड ऐकू आलं म्हणून बघायला गेले. धाकट्याला भिंतीला टेकवून बसवलेला, कपाळावर हळदीकुंकवाची चार बोटं. त्याच्यासमोर फरशीवर पाण्याचा चौकोन, चांगला कोपरे धरून काढलेला. त्यावर धाकट्याच्या वाट्याचे दोन मोदक ठेवलेली ताटली. मोठ्याने पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक मोदक तोंडात टाकला. मी ओरडले तर म्हणतो, ‘आजी, मी त्याला दाखवला ना!’

काय बोलणार? घरातले सगळे माझ्याकडेच बघायला लागले. धाकट्याचं पोट काही त्यात भरलं नाही, एवढं मात्र सिद्ध झालं.

बाबा, एडिनबरा

सातारा सोडून इकडे आलो तेव्हा लेक चार वर्षांची होती. ‘अंधार पडला की जेवायचं, जेवलं की झोपायचं’ हा घरचा नियम सामानाबरोबर इथे आला. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाला मावळतो आणि मावळल्यावरही उजेड हटत नाही. नऊला तिला गादीवर नेली की खिडकीकडे बोट. जाड पडदे आणून लावले. ती पडद्याखाली डोकं घालून आली आणि म्हणाली, ‘बाहेर दिवस आहे. अंधार तू केलायस.’

मी हिवाळ्याची वाट बघत बसलो. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आतच सूर्य बुडतो. शाळेतून घरी येईपर्यंत दिवे लागलेले. बाईसाहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि जेवायला वाढ म्हणाल्या. मी समजावायला गेलो तर तिने साताऱ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावायला लावला. तिथे रात्रीचे साडेनऊ, आजी मच्छरदाणीत. ‘बघ, आजीपण झोपली.’ साडेचारला वरणभात खाऊन झोपली आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी आमच्या उशाशी येऊन उभी: ‘उठा, झाली झोप.’ उजाडायला पावणेनऊ वाजतात हो इथे!

शेवटी नियम घड्याळावर नेला. काटा आठवर आला की झोप, बाहेर काहीही असो. बरं चाललं होतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे करतात, आणि मी खुर्चीवर चढून ते करताना तिने बघितलं. आता रोज संध्याकाळी ती खुर्ची ओढत भिंतीकडे नेते.

नाव नको, जळगाव

लपाछपी. मी: ‘कुठे गेलं बाई आमचं पिल्लू?’ पिल्लू: ‘पलंगाखाली नाहीये!’

मामी, कोल्हापूर

भाचीला नुकतंच शिकवलेलं, शू लागली की लाजायचं नाही, मोठ्यानं सांगायचं. मावसदिराचं लग्न, अंतरपाट धरलेला, हॉल गच्च. भटजी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात तिनं सांगितलं. लई मोठ्यानं. एवढ्यावर भागलं असतं, पण तिचं ऐकून पुढच्या ओळीतली आणखी चार पोरं उठली, त्यांच्या मागं त्यांच्या आया. सावधान म्हणायला आणि अक्षता टाकायला बायकांच्या बाजूला कुणी उरलंच नाही.

आई, नाशिक

2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तरी पोलिओचा रविवार काही संपलेला नाही, लहान मूल घरात असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. 2024 च्या मार्चमध्ये आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांना जवळच्या मनपा शाळेत नेलं. दोन थेंब तोंडात, डाव्या करंगळीच्या नखावर शाई. ती करंगळी तो बरेच दिवस सगळ्यांना दाखवत हिंडला.

मेमध्ये लोकसभेचं मतदान आलं. तीच शाळा, तेच फाटक, तशीच टेबलं, रांगसुद्धा त्याच व्हरांड्यात. हा बाबांच्या कडेवर. पहिल्या टेबलावर चिठ्ठी बघितली, दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी बाबांचा डावा हात पुढे घेऊन शाईची बाटली उघडली. बाटली दिसताच याने मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि जबडा उघडला, ‘आऽऽ’. बाई शाईची काडी हातात घेऊन त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘याचं नाव यादीत नाही हो.’

खरी पंचाईत पुढे झाली. बाबांच्या पहिल्या बोटाला शाई लागली, पण थेंब कुणीच दिले नाहीत. हा पडद्याआड जाईपर्यंत वाट बघत होता, तिथेही नाहीत. बाहेर आल्यावर वॉचमनकाका, इस्त्रीवाले, लिफ्टमधले आजोबा, प्रत्येकाला सांगत सुटला: ‘बाबांना नुसती शाई लावली, औषध दिलंच नाही.’

आजोबा म्हणाले, ‘दर वेळी असंच होतं बाळा.’

(हे आजोबा कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतात? त्यांना इकडे लिहायला सांगा.)

विज्ञान शिक्षक, बारामती

किस्सा छोटा आहे, पण त्याला शास्त्र आहे म्हणून लिहितो. ज्याँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलांना वस्तूचा आकार बदलला की तिचं प्रमाणही बदललं असं वाटतं. बुटक्या पेल्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं की ते ‘जास्त’ होतं. बी.एड.ला हे पाठ केलं होतं. घरी पाहायला मिळालं ते दिवाळीत. धाकटीला एकच चकली मिळाली म्हणून ती रडत होती. मी तिच्या चकलीचे दोन तुकडे केले. रडणं तत्काळ बंद, ‘माझ्या दोन!’ मी बायकोला मोठ्या ऐटीत पियाजे समजावून सांगितला. आमचा आठ वर्षांचा थोरला शेजारीच बसून ऐकत होता, हे ध्यानात आलं नाही. त्यानंतर घरात आलेल्या प्रत्येक खाऊची वाटणी त्याने स्वतःकडे घेतली. बर्फीच्या एका वडीचे पाच बारके तुकडे बहिणीला, आणि ‘मला एकच चालेल’ म्हणत अख्खी वडी स्वतःला. धाकटी त्याला ‘चांगला दादा’ म्हणते.

निवृत्त बालवाडी शिक्षिका, पालघर जिल्हा

डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्या वळणाच्या बाईंकडून मी शिकले. त्यांनी एक गोष्ट पक्की सांगितली होती: भातुकली चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही, बाजूला बसून बघायचं. नोकरीची सगळी वर्षं मी तेवढं पाळलं आणि त्यामुळे गावातल्या प्रत्येक घराची खबर मला असे.

चटई अंथरली की आधी भूमिका वाटल्या जायच्या. ‘आई’ व्हायला भांडणं. ‘बाबा’ व्हायला कुणी फारसं उत्सुक नसे, पण एकदा झाला की तो मुलगा चटईवर आडवा व्हायचा, पाटी तोंडासमोर धरायचा आणि बोटाने वर सरकवायचा. पूर्वी हीच पाटी दोन्ही हातांनी उघडून पेपरासारखी धरत, एवढा काय तो काळ बदलला. ‘आई’ रिकाम्या पातेल्यात डाव फिरवत मोठ्याने म्हणे, ‘मला काय चार हात आहेत?’ ‘आजी’ झालेली मुलगी कमरेवर हात ठेवून यायची, पातेल्यात डोकावायची आणि काही न बोलता निघून जायची. त्या न बोलण्यात जे असायचं ते मोठ्या नट्यांना जमणार नाही. कुणीतरी कुत्रा होई. सगळ्यात सुखी तोच, त्याला कुणी काही काम सांगत नसे.

पालकसभेत याच मुलांचे आईबाप समोर बसायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, ‘बाई, आमच्याकडे घरातली कामं आम्ही निम्मी निम्मी करतो.’ त्यांच्या चिरंजीवांना मी सकाळीच पाटी घेऊन आडवं पडलेलं पाहिलं होतं. मी ‘हो का, छान’ म्हटलं.

बाबा, फोंडा

आमच्याकडे पहाटे पोदेर येतो, सायकलला मागे पावांची टोपली आणि पुढे रबरी भोंगा. पों-पों झालं की आमची दीड वर्षाची छोकरी झोपेतून उठून बसते, ‘पाव!’ म्हणते आणि हात पुढे करते. उंडे, पोळी, काकणं, काय आलंय ते तिला टोपलीवरचं कापड काढायच्या आधी कळतं. भोंगा म्हणजे पाव, हे तिच्या डोक्यात पक्कं. पणजीला कधी जाणं झालं तर एखादा हॉर्न, एखादा पाव, चालून जायचं.

मग मुंबईला मावशीकडे गेलो. दादरला उतरून टॅक्सीत बसलो आणि सिग्नलला अडकलो. चारी बाजूंनी हॉर्न. पोरीला आधी विश्वासच बसेना. मग तिने मोजदाद सोडून दिली आणि खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. ‘पाव! पाव! पाव! पाव!’ टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि कोपऱ्यावरून वडापाव आणून दिला, पैसे घेईना. आमची ती खात्री घालवायची संधी तिथेच गेली.

मावशी, नागपूर

आमच्या घरी आंबट ताक उरलं की आई ते कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते, झाड जोमात येतं म्हणून. भाच्याने हे पाहून ठेवलं. त्याला रोज सकाळी पेलाभर दूध, ‘पी रे बाप्पा, लवकर मोठा होशील’ म्हणून. कुंडीभोवती मुंग्यांची रांग लागली तेव्हा चौकशी झाली. पोरगा म्हणाला, ‘मी मोठा झालोच आहे, ते लहान आहे.’ शेजारी उभं करून मोजलं तर खरंच दोन बोटं लहान होतं.

आई, पुणे

बालवाडीत बाईंनी शिकवलं, बाहेरून आलं की चपला जोडीने लावायच्या, टाचा भिंतीकडे. जो नीट लावेल त्याला हातावर चांदणी. रविवारी ह्यांचे काका-काकू आले. खूप दिवसांनी आलेले, गप्पा रंगल्या होत्या, मी चहाचं आधण ठेवलं होतं. हा मधूनच हॉलमध्ये आला आणि काकांसमोर उभा राहून म्हणाला, ‘तुमच्या चपला मी लावून ठेवल्यात.’ काका ‘शाब्बास’ म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा आला. ‘काकूंच्यापण लावल्यात. बघायला चला ना.’ काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने काकांचा हात धरून ओढलाच.

दारात चारही चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून, पाय घातले की चालू पडावं अशा. काका म्हणाले, ‘चला, निघायला हवं.’ मी बाहेर येऊन बघते तो दोघं चपला घालून तयार, आणि आमचं कार्टं भोकाड पसरून रडतंय, कारण लावलेल्या चपला त्यांनी विस्कटल्या आणि चांदणी कुणी दिलीच नाही. अर्धा तास खुलासे झाले. काकूंनी माझं लिक्विड टिकली-पेन मागून घेतलं आणि त्याच्या हातावर चांदणी काढली. दोघं परत आत आले, चपला काढल्या, आता जेवूनच जा म्हटलं तर हो म्हणाले.

मी पिठल्याला फोडणी घालेपर्यंत त्याने चपला पुन्हा लावून ठेवल्या होत्या.