तीन महिन्यांत साडेचार किलो: अजून किती धीर धरायचा?

पाचपाखाडीची पोर
मंडळी, आज भांडायलाच आलेय. वजन उतरवायचं सेमाग्लुटाईडचं इंजेक्शन-पेन सुरू करून तेरा आठवडे झाले. वजन 94 वरून 89.5. डॉक्टर खूश, मी नाही. पहिले चार आठवडे 0.25 मिलिग्रॅमचा डोस, त्यानंतर 0.5, आणि तिथेच अडकलेय. मळमळ थांबेना म्हणून डॉक्टर 1 वर न्यायला तयार नाहीत. ऑफिसातली घोडबंदरची मैत्रीण टिर्झेपटाईड या दुसऱ्या औषधावर तेवढ्याच दिवसांत नऊ किलो उतरली. दर महिन्याला हजारो रुपये मोजायचे आणि वर ऐकायचं, "धीर धरा." धीर फुकट मिळतो हो, पेन नाही मिळत. माझं मत: डोस वाढवा, नाहीतर औषध बदला. पटत नसेल त्याने खोडून दाखवावं.

नेरूळचा हिशेबनीस
खोडतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेप 1' चाचणीत या औषधाने सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, पण 68 आठवड्यांत. तेही 2.4 मिलिग्रॅमच्या डोसवर, जिथे पोचायलाच सोळा आठवडे लागतात. तुम्ही त्याच्या पाव डोसावरही नाही आणि 4.8 टक्के उतरलात. मैत्रिणीचं औषध वेगळं आहे, ते एकाऐवजी दोन हार्मोनांचं काम करतं. त्याच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 21 टक्क्यांच्या आसपास घट होती. तुम्ही स्लो लोकलमध्ये बसून शेजारच्या रुळावरच्या फास्टकडे बघून चिडताय.

भाकरीवाले काका
सुया टोचून बारीक व्हायचं हे काय नवीन फॅड? रोज पहाटे येऊरचा चढ चढा, ज्वारीची भाकरी खा. आमच्या पिढीत कोणी पेन घेतलं नव्हतं.

उपवन पहाटे सहा
काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते. मी पाच वर्षं रोज उपवनला फेऱ्या मारल्या. घरी आले की अशी खा-खा सुटायची की उभ्या उभ्या फरसाणाचा डबा अर्धा व्हायचा. जेवल्यावर आतड्यातून जे हार्मोन सुटतं त्याचीच नक्कल हे औषध करतं. पोट सावकाश रिकामं होतं आणि डोक्यातली खा-खा थांबते. तो डबा गेला महिनाभर तसाच होता, परवा फरसाण खवट झालं म्हणून फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा! तेव्हा फॅड म्हणू नका.

थांबवून बसलेली
मी धागाकर्तीच्या बाजूने. सगळे "धीर" म्हणतात, किती वर्षं ते कोणी सांगत नाही. मी सात महिन्यांनी खर्चामुळे बंद केलं. गेलेल्या अकरांपैकी सात किलो परत आले. वर हिशेबनीसांनी सांगितलेल्या चाचणीतल्या लोकांचंही तेच झालं होतं, बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत. म्हणजे धिम्या गतीने जायचं तर पैसेही तितकेच दिवस भरायचे. आधी घरचा जमाखर्च बघा, मग उपदेश करा.

डबा आणि डंबेल
खर्चाचा मुद्दा मान्य. पण घाईचीही किंमत असते. वजन झपाट्याने उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो. पाचपाखाडी ताई, एक विचारू? दिवसभरात नेमकं खाता काय?

पाचपाखाडीची पोर
सकाळी चहा. दुपारी अर्धी पोळी, भाजी. रात्री बहुतेक काही नाही. भूकच नसते.

डबा आणि डंबेल
अहो, मग डोस वाढवून अर्धी पोळीही बंद करायचीय का? ताटात आधी मुगाची उसळ, अंडं, पनीर, दही, पोळी शेवटी. आठवड्यातून दोनदा वजनं उचला. काकांचा चढही चालेल, भाकरीही चालेल. आणि काटा आठवड्यातून एकदाच. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं तरी अंगात पाणी धरतं आणि सकाळी किलोभर जास्त दिसतं.

भाकरीवाले काका
बघा, शेवटी भाकरीवरच आलात.

पाचपाखाडीची पोर
अर्धंच पटलंय. डोसचं डॉक्टरांना पुन्हा विचारणारच. पण रविवारी घरच्यांबरोबर मामलेदार मिसळला गेले होते. एरवी एक मिसळ आणि वर जादा रस्सा. या वेळी अर्ध्या प्लेटवर हात थांबला. वाढणारा म्हणाला, "काय ताई, तिखट लागली?" त्याला काय सांगणार? आणि येताना लक्षात आलं, दिवाळीत साबण लावून चढवलेल्या बांगड्या रिक्षात आपोआप कोपराकडे घसरत होत्या. काटा माळ्यावर टाकलाय, रविवारीच उतरवायचा.

मैत्रिणीलाही विचारलं. म्हणाली, मूठ मूठ केस गळतायत. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं.