ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) टाइम आउट नीट कसा करून घेता? + कोर्सबद्दल मदत हवी आहे

नमस्कार सगळ्यांना, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, वॉर्डातून आता ओटीला बदली झालीये. डब्ल्यूएचओची ती १९ मुद्द्यांची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आमच्याकडे फाईलला लागते, पण खरं सांगायचं तर साइन इन (भूल देण्याआधी), टाइम आउट (चीर देण्याआधी सगळ्यांनी थांबून), साइन आउट (पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी) तिन्हीच्या टिका बऱ्याचदा शेवटी एकदमच होतात 😐 सर (सर्जन) घाईत असतात, मी मोठ्याने पेशंटचं नाव, कुठली साइड, अँटिबायोटिक इन्सिजनच्या (चीर देण्याच्या) आधी ६० मिनिटांत गेलंय का असं विचारायला लागले की "सिस्टर, चला पुढे" म्हणतात. मॉप काउंटला (ऑपरेशनला वापरलेले कापडी मॉप मोजायला) मात्र कोणी काही बोलत नाही, तेवढं बरंय.

तर सीनियर सिस्टर-ब्रदर लोकांनी सांगा, तुमच्याकडे टाइम आउट कोण बोलतं, सर्क्युलेटिंग नर्स (स्टराइल भागाबाहेर राहून मदत करणारी) की अॅनेस्थेशियावाले? आणि सर्जनला न दुखावता थांबवायचं कसं?

दुसरं म्हणजे एक वर्षाचा ऑपरेशन रूम नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करावा की सरळ पीबी (पोस्ट बेसिक) बीएस्सी नर्सिंगच? घरी लहान मुलगी आहे, नोकरी सोडणं जमणार नाही. कोणी स्टडी लीव्ह घेऊन केला असेल तर प्लीज सांगा, पगार चालू राहतो का?