शब्दचर्चा: समुद्राचा डेटा आणि ‘प्रादेशिक क्षमताबांधणी’

प्रश्न
एका अहवालाचं भाषांतर करतेय. शेजारच्या देशांनी समुद्राचा आणि किनाऱ्याचा डेटा एकमेकांना द्यावा, त्यासाठी रीजनल कपॅसिटी उभी करावी असा विषय आहे. मी ‘सागरी विदा सामायिकीकरणासाठी प्रादेशिक क्षमताबांधणी’ असं लिहिलंय, पण वाचणाऱ्याला यातून काहीच बोध होत नाहीये. काय करू?

उत्तर १
आधी ‘प्रादेशिक’ काढा. कायद्याच्या भाषेत प्रादेशिक समुद्र म्हणजे किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा एकाच देशाच्या हक्काचा पट्टा, म्हणजे तुमचं वाक्य नेमकं उलट वाचलं जाईल! इथे रीजन म्हणजे एकाच समुद्राकाठचे अनेक देश. तसंच सरळ लिहा ना.

आणि सामायिकीकरण कशाला, देवाणघेवाण आहे की. युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाचा समुद्राच्या डेटासाठीचा आयओडीई हा कार्यक्रम 1961 पासून चालू आहे, त्याच्याही नावात एक्स्चेंजच आहे. शिवाय घेणं हे अर्धं काम असतं हे लोक विसरतात. अर्गो या जगभरच्या समुद्र मोजणाऱ्या प्रकल्पाचे जवळपास 4000 तरंगते फ्लोट, म्हणजे स्वयंचलित यंत्रं, बहुतेक 2000 मीटर खोलीपर्यंतचं तापमान नि क्षारता मोजतात, तो डेटा साधारण 24 तासांत कुणालाही फुकट मिळतो, पण तो उतरवून आपल्या किनाऱ्यासाठी वापरणारं माणूस तिथे हवं ना.

उत्तर २
‘बांधणी’ पण खटकतं, जणू तिथे आधी काही नव्हतंच. बंदरांत भरतीच्या नोंदी ठेवणारे लोक असतातच, त्यांची क्षमता वाढवायची असते. तो आयोगसुद्धा आता डेव्हलपमेंट म्हणतो, बिल्डिंग नाही.

ही क्षमता म्हणजे नक्की काय ते एका फाइलवरून सांगतो. दोन रकाने, वेळ आणि पाण्याची उंची. शेजारच्या देशाला पाठवली. आता उंची कुठल्या शून्यापासून मोजली, सागरी नकाशावरच्या, म्हणजे साधारण सर्वात खालच्या ओहोटीच्या, की सरासरी समुद्रपातळीच्या? वेळ स्थानिक की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ? बहुतेक किनाऱ्यांवर भरती ते ओहोटी सुमारे 6 तास 12 मिनिटं लागतात, म्हणजे घड्याळात सहा तासांचा घोळ झाला की भरतीच्या जागी ओहोटी दिसणार. यंत्र चांगलं, आकडे खरे, आणि फाइल वाया. हे दोन तपशील वर्षानुवर्षं न चुकता लिहिणारा माणूस तयार करणं, तेच खरं काम आहे, आणि फक्त सर्व्हर विकत घेऊन ते होत नाही.

म्हणून मी ‘तयारी’ म्हणेन. गायकाची तयारी म्हणतो ना, रियाजाने आलेली, तशी. शिवाय ‘द्यायची तयारी आहे का’ हाही अर्थ त्यात येतो, आणि पुष्कळदा गाडी तिथेच अडते.

प्रश्नकर्ती
तयारी फारच आवडला! शीर्षक असं करते: ‘समुद्राचा डेटा: एकाच समुद्राकाठच्या देशांची देवाणघेवाणीची तयारी’. आत मजकुरात क्षमता ठेवते, कारण प्रशिक्षणाच्या परिच्छेदात तयारी म्हटलं तर परीक्षेची वाटेल. डेटासाठीचा ‘विदा’ मात्र काढतेय, हिंदी वाचणाऱ्यांना निरोप आठवतो. आता ते शून्य आणि वेळ वगैरे तपशील, म्हणजे मेटाडेटा, त्याला काय म्हणू?

उत्तर २
‘नोंदीची नोंद’. बंदरातल्या माणसालाही लगेच कळेल.